बाबा, त्या दोन स्टारबद्दल

ती. आई-बाबा,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर बोलले असते पण परवा बाबा तुम्ही म्हणालात ना, की "त्या बाईला मी चांगलं सुनावलंय, आता परत लिहायची नाही ती", तेव्हा मी ऑफिसच्या जिन्यात उभी होते आणि मला एकदम काही बोलताच आलं नाही, नेटवर्क जातंय सांगून फोन ठेवला. नेटवर्क नव्हतं गेलं. मला विचार करायला वेळ हवा होता म्हणून आता रात्री बसून लिहितेय. अक्षर मोठं करून प्रिंट पाठवतेय, तरी आई तूच वाचून दाखव, बाबांच्या डोळ्यातले ड्रॉप्स चालू आहेत अजून आणि मोबाईलवर तर त्यांनी अजिबात वाचायचं नाहीये.

आधी हे सांगते की मी रागावलेले नाहीये. बाबा, वाचनाच्या ॲपवर माझ्या कादंबरीला दोन स्टार देणाऱ्या बाईंच्या रिव्ह्यूखाली तुम्ही लिहिलेली ती कमेंट मी किती वेळा वाचली असेल माहीत नाही. खाली पूर्ण नाव, निवृत्त कोर्ट कर्मचारी, रत्नागिरी. "माझी मुलगी कादंबरीकार आहे आणि तिने मराठीत एम.ए. केलेले आहे, आपण स्वतः एक प्रकरण लिहून दाखवावे आणि मग तारे वाटावेत." आता स्पष्टच बोलते. माझं पहिलं प्रेमकथेचं पुस्तक आलं तेव्हा ते तुम्ही कपाटात ठेवलंत, पाठ भिंतीकडे करून. आईने वर्तमानपत्राचं कव्हर घालून वाचलं. कोणी विचारलं मुलगी काय लिहिते तर तुम्ही "ललित" म्हणून विषय बदलायचात, मी दोन-तीनदा ऐकलंय, एकदा तर मारुती मंदिराच्या स्टॉपवर मी शेजारीच उभी होते. मला त्याचं वाईट वाटायचं, अजूनही थोडं वाटतं. आणि आता तुम्ही चारचौघात, पूर्ण नावानिशी लिहिलंत की माझी मुलगी कादंबरीकार आहे. त्या ओळीचा स्क्रीनशॉट मी ठेवलाय. ती ओळ मला हवी आहे. बाकीची कमेंट मात्र काढून टाका, प्लीज, कारण ती ज्या बाईंना लिहिलीत ना, त्या बरोबर होत्या.

त्यांनी काय लिहिलं होतं ते तुम्ही पूर्ण वाचलं नसणार असं मला वाटतंय. दोन स्टार बघितलेत आणि पेटलात. मला ते पाठ आहे कारण फेब्रुवारीत आलं तेव्हा मी ते तीन दिवस मनात घोळवत होते. "स्टोरी छान आहे पण जुलैत कोणती बोट समुद्रात जाते? आमच्याकडे १ जूनपासून बंदी असते. नवरा घरात असतो ते दोनच महिने. लेखिकेने कोणाला विचारलंच नाही वाटतं." एवढंच. एक वाईट शब्द नाही त्यात.

तुम्ही कादंबरी वाचलेली नाही म्हणून सांगते. रेवा बँकेत आहे, बदली होऊन रत्नागिरीला येते. अनंत मिरकरवाडा बंदरावरचा, घरची बोट आहे. मी काय केलं होतं, की त्यांचं भांडण होतं, आणि जुलैच्या धो धो पावसात तो रागाने ट्रॉलर घेऊन समुद्रात जातो आणि ती जेटीवर भिजत रात्रभर उभी राहते. लिहिताना मला स्वतःला रडू आलं होतं. आणि हे सगळं खोटं होतं! १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस, आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, माशांच्या विणीचा काळ असतो आणि समुद्रही खवळलेला. हे मला माहीत नव्हतं का? आई, आपल्याकडे जून-जुलैत ताटात काय असायचं, सुकट आणि सुके बांगडे. बावीस वर्षं तुझ्या हातची सुकटीची चटणी खाल्ली मी, आणि लिहायला बसले तेव्हा पावसात भिजणाऱ्या नायिकेच्या नादात ते सगळं विसरले. पुण्यात बसून मी रत्नागिरीचा पाऊस लिहीत होते, आणि बंदरावरचं माणूस त्या पावसात काय करतं हे मला सुचलंच नाही.

पहिल्या दिवशी मला राग आला, खोटं कशाला बोलू. दुसऱ्या दिवशी वाटलं इतक्या पाच स्टारमध्ये हे एक कोण बघतंय. तिसऱ्या दिवशी सकाळी बसमध्ये ते एक वाक्य परत आठवलं, नवरा घरात असतो ते दोनच महिने. आणि मला एकदम कळलं की माझी कादंबरी तिथे आहे. वादळात नाही, जेटीवर नाही. त्या दोन महिन्यांत आहे.

मग मी सहा प्रकरणं फाडली आणि नव्याने लिहिली. आता जुलैत बोट किनाऱ्यावर ओढून शाकारलेली आहे आणि अनंत ओटीवर बसून जाळं दुरुस्त करतोय, आणि रेवा रोज बँकेतून सुटली की छत्री मिटत तिथे येऊन बसते. दुसरं काही घडत नाही. तो गाठी मारतो, ती बोलते. आणि दोघांनाही माहीत आहे की ३१ जुलै येणार आहे, मग नारळी पौर्णिमा, नारळ सोडला की हा माणूस परत समुद्राचा. आधीच्या प्रकरणांत मी वाक्यावाक्याला विजा पाडत होते, आता नुसत्या तारखा पुढे सरकतात आणि तेवढं पुरतं. जूनमध्ये बदललेले भाग ॲपवर टाकले, किंडलची फाईल पण बदलली, आणि एकीने लिहिलं की ३१ जुलै जवळ यायला लागली तशी मी वाचायचं थांबवलं, मला ती तारीख यायला नको होती. असा रिव्ह्यू मला इतक्या वर्षांत मिळाला नव्हता. तो खरं म्हणजे त्या दोन स्टारवाल्या बाईंचा आहे.

त्यांना मी नव्या भागाच्या सुरुवातीला थँक्यू लिहिणार होते, आधी नीट सुचेना मग कामात राहून गेलं. आणि गेल्या आठवड्यात बघते तर तुमची कमेंट, आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा रिव्ह्यूच गायब. त्यांनी काढून टाकला. आता त्यांना कुठे शोधू, नाव पण नुसतं दोन अक्षरी टोपणनाव होतं.

बाबा, तुम्हीच मला तो काकोडकरांचा खटला सांगितला होता, मी बारावीत असताना, आठवतंय? चंद्रकांत काकोडकरांची कथा, १९६२ चा दिवाळी अंक, अश्लील आहे म्हणून कोर्टात गेली आणि १९६९ ला सुप्रीम कोर्टाने निर्दोष सोडलं. तुम्ही तेव्हा म्हणाला होतात की कोर्टाने सांगितलं, मधल्या चार ओळी उचलून ठरवायचं नाही, अख्खं लिखाण समोर ठेवून बघायचं. केवढ्या अभिमानाने सांगितलं होतंत. मी प्रेमकथा लिहायला लागले त्यात त्या संध्याकाळचा पण वाटा आहे. तर मग त्या बाईंचे पण नुसते दोन तारे का उचललेत, चार ओळी वाचायच्या होत्या ना पूर्ण.

आणि आई, तुझ्याबद्दल पण आहे. तू मावशीला, आत्याला, खालच्या आळीतल्या तुझ्या भिशीच्या ग्रुपला सगळ्यांना सांगितलंस ना पाच-पाच स्टार द्या म्हणून. नको गं. ॲमेझॉनवर घरच्यांनी रिव्ह्यू द्यायचा नसतो, त्यांचा नियमच आहे, कळलं तर ते काढून टाकतात. आणि नियम नसता तरी नको. आत्याने लिहिलंय "आमची मुलगी फार गुणी आहे", आता दोनशे रुपये घालून पुस्तक घ्यावं का बघणाऱ्या नागपूरच्या एखादीला त्याचा काय उपयोग? रिव्ह्यू ती वाचते. तिच्यासाठी असतो तो. हे समजायला मला पण कितीतरी वर्षं लागली, मी प्रत्येक रिव्ह्यू मला आलेलं पत्र समजून वाचायचे आणि रात्रभर जागायचे. ते एका वाचणाऱ्या बाईने दुसरीला सांगितलेलं असतं, हे घे किंवा हे नको घेऊस, आणि मी मध्ये दाराआड उभी राहून ऐकत असते. दाराआडून उत्तर कसं देणार?

तूच तर मला हे दाखवलं होतंस. नगर वाचनालयातून तू कादंबऱ्या आणायचीस, त्या खाकी कव्हरच्या, पानं पिवळी पडलेल्या, आणि शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने लिहिलेलं असायचं, "शेवट छान", "रडू आले", "बोअर आहे, घेऊ नये", एकीखाली दुसरीचं अक्षर. १८२८ सालचं वाचनालय आपलं, तिथे पुस्तकावर लिहायला सक्त मनाई आणि तरी बायका लिहायच्याच. तू आधी ते शेवटचं पान बघायचीस आणि मग ठरवायचीस. लेखिकेने येऊन त्या पेन्सिलवाल्या बाईशी भांडण काढलेलं कधी ऐकलंयस?

दुखतं का, तर हो, खूप दुखतं. तुम्हाला वाटत असेल ही आता निब्बर झाली. तसं होत नाही. पण कशाने दुखतं ते वेगळं आहे. पार्सल फाटकं आलं म्हणून एक स्टार देतात त्याचं मला काही नाही. "टाइमपासला ठीक" हे दुखतं, कारण दीड वर्ष पहाटे साडेचारला उठून लिहिलेलं असतं. एकदा एका कार्यक्रमात एका समीक्षकांनी दोन वाक्यांत आटपलं, महिलावर्गाला आवडेल असं लेखन, आणि पुढच्या पुस्तकाकडे वळले. वाचलेलं नव्हतं त्यांनी, नायिकेचं नावच चुकीचं घेतलं. ते मला अजून विसरता येत नाही. लोकांना वाटतं प्रेमकथा म्हणजे सोपं काम, आणि त्या वाचणाऱ्या बायकांना काही कळत नाही. अहो त्या वर्षाला शंभर-शंभर वाचतात! पहिल्या तीन प्रकरणांत त्यांना कळतं की लेखिकेने कुठे ढिलाई केलीय. शेवट गुंडाळला तर लगेच पकडतात. शेवटी दोघं एकत्र येणार हे त्यांना पहिल्या पानापासून माहीत असतं, त्यामुळे "पुढे काय" यावर त्यांना फसवता येत नाही, "कसं" तेवढंच आपल्या हातात उरतं, आणि ते फार अवघड आहे.

माझ्या दुसऱ्या पुस्तकात नायक नायिकेचा मोबाईल तपासतो, ती झोपलेली असताना, आणि मी ते किती काळजी करतो बघा अशा सुरात लिहिलं होतं. बहुतेक जणींना आवडलं पण. एका कॉलेजच्या मुलीने लिहिलं, हे प्रेम नाहीये, ही पाळत आहे, आणि माझ्यासोबत हे झालंय. मी तो रिव्ह्यू वाचून लॅपटॉप बंद केला आणि दोन दिवस उघडला नाही. पुढच्या आवृत्तीत तो प्रसंग बदलला, पण आधीच्या पाचशे प्रती लोकांच्या घरात आहेत आणि त्या मी परत आणू शकत नाही. त्या मुलीला पण तुम्ही असंच सुनावलं असतंत का बाबा? मला नुसता विचार करून कसंतरी झालं.

आणि ते "अनुभवातून लिहिलंय का ताई" विचारणारे पुरुष. त्यांना खुशाल ब्लॉक करते, त्यांची काळजी तुम्ही दोघांनी करायची नाही.

आई, तुझा रिव्ह्यू सगळ्यात कामाचा असतो हे तुला कधी सांगितलं नाही बहुतेक. गेल्या पुस्तकाच्या वेळी तू फोनवर म्हणालीस, छान आहे हो, पण ती सुरुवातीला म्हणते आलं चालत नाही आणि मग पुढे आल्याचा चहा पिते. दोन प्रूफरीडिंग झाली होती, कोणाला दिसलं नव्हतं. तर यापुढे छापायच्या आधीच तुला पाठवणार आहे. ती पानं आली की उलटून टाक, तुला संकोच होतो माहितीये, पण बाकी सगळं वाच आणि मला खडसावून सांग.

आणि बाबा, तुम्हाला एक काम आहे. दिवाळीच्या आत ही कादंबरी छापील येतेय, प्रकाशक हजार प्रती काढतायत, आणि मला परत चुकायचं नाहीये. पाऊस उघडला की मिरकरवाड्यावर एक चक्कर मारा. जाळं दुरुस्त करायची ती छोटी सुई असते तिला ते लोक काय म्हणतात ते विचारा, मी सगळीकडे नुसतं "सुई" लिहिलंय आणि ते वाचताना खुपतं. फाटलेलं जाळं कुठून धरायला सुरुवात करतात ते बघा. घरातल्या बायका तेव्हा काय करत असतात ते पण विचारा, ते तर मी अजिबातच लिहिलेलं नाही. तुमच्या कोर्टातल्या सवयीप्रमाणे वहीत लिहून काढा, तारीख घालून, मला तसंच पाठवा. आणि तिथे कोणी बाई म्हणाली की हो, मीच लिहिलं होतं ते, तर माझा नंबर द्या तिला.

३१ च्या आत जा मात्र. बंदी उठली की तिथे कोणाला बोलायला वेळ नसतो.

ड्रॉप्स चार वेळा, विसरू नका. गणपतीला येतेच आहे.

तुमची,
ताई