निळा फोटो मला, दुसरा ताईला

नागपूर,
रविवार, रात्री

चि. बाळ,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू फोन ठेवून दिलास म्हणून लिहायला बसले. फोनवर आपलं धड बोलणं होतच नाही. माझं अर्धं वाक्य होत नाही तर तिकडून तुझं "हो आई, हो आई" सुरू होतं.

गुरुवारी तू मला टेस्ट ट्यूबचा फोटो पाठवलास आणि खाली लिहिलंस, "नायट्रोजन सापडला." तो निळा रंग मी कितीदा तरी उघडून पाहिला. प्रशियन ब्लू सगळ्यांचा इतका स्वच्छ येत नाही रे. आमच्याकडे कॉलेजच्या लॅबमध्ये निम्म्या पोरांचा हिरवट येतो. फेरस सल्फेट ताजं करून घ्यायचा कंटाळा करतात, नाहीतर उकळायची घाई करतात. मी तो फोटो मॅडमना दाखवला. त्या म्हणाल्या, "पोराचा हात चांगला आहे." मला इतका आनंद झाला की घरी येताना टेकडीच्या गणपतीला जाऊन आले.

आणि शनिवारी ताईच्या मोबाइलमध्ये तुझा दुसरा फोटो दिसला. उजव्या भुवईखाली पट्टी. त्याच दिवसाचा, त्याच टेस्टचा. निळा फोटो मला आणि हा ताईला. ताईला रागावू नकोस, तिने दाखवला नाही, मीच पाहिला.

फ्युजन ट्यूबची, त्या सोडियम तापवायच्या बारक्या नळीची, काच उडाली म्हणे. भुवईखाली म्हणजे डोळ्यापासून किती लांब, ते मी आरशासमोर बोट धरून पाहिलं. एक पेरसुद्धा अंतर नाही.

म्हणून मी विचारलं, जाळी ठेवली होती का, गॉगल होता का. त्यावर तू जे बोललास, "तू बाटल्या धुतेस, मला केमिस्ट्री शिकवू नको", ते मी मनाला लावून घेतलं नाही असं लिहिणार होते. पण लावून घेतलं. रात्री झोप लागली नाही. आता त्याच्याबद्दल या पत्रात काही लिहीत नाही, कारण माझा जीव दुसऱ्याच गोष्टीत अडकून राहिला आहे.

लॅसाइन टेस्टच्या, म्हणजे पदार्थ सोडियमबरोबर तापवून त्यात नायट्रोजन वगैरे आहे का ते पाहायच्या तुझ्या त्याच टेस्टच्या, प्रत्येक बॅचला मी मागे उभी असते. पोरं काय करतात ते मला पाठ झालं आहे. सोडियमचा तुकडा फिल्टर पेपरवर नीट टिपत नाहीत, केरोसीन तसंच राहतं. ट्यूब बाहेरून लाल झाली की झालं असं समजतात, आत सोडियम उरलेलं असतं. मग ती लाल ट्यूब चायना डिशमधल्या पाण्यात बुडवतात आणि नीट फुटली का ते पाहायला वाकतात. तेव्हाच काच उडते आणि उरलेलं सोडियम पाण्यात पेट घेतं. डिशवर जाळी ठेवायला कितीसा वेळ लागतो? एका हातात चिमटा, दुसऱ्या हातात जाळी. ट्यूब आत गेली की जाळी वर आणि आपण मागे. आणि दिलेला पदार्थ क्लोरोफॉर्मसारखा असल्याची शंका जरी आली, तरी त्याला सोडियमजवळ नेऊ नकोस, सरांना आधी विचार. त्याचा स्फोट होतो. उरलेलं सोडियम बेसिनमध्ये टाकू नको, स्पिरिटमध्ये टाकायचं.

हे तुला माहीत आहे. तुझ्या सरांनी शिकवलं असेल, तुझ्या जर्नलमध्ये लिहिलंही असेल आणि खाली सही पण झाली असेल. मी पुन्हा मास्तरीण झाले, माफ कर. आता नाही सांगत.

तू लहान होतास तेव्हा माझ्या बोटांवरचे काळे डाग पाहून विचारायचास, आई, हे जात काहून नाहीत? सिल्व्हर नायट्रेटचे डाग ते, धुऊन निघत नाहीत, कातडी बदलते तेव्हाच जातात. तू साबण लावून लावून घासायचास. बाबांच्या जागेवर मी लागले तेव्हा तू पहिलीत होतास. शनिवारी शाळा सुटली की आजी तुला माझ्याकडे आणून सोडायची. तुला उंच स्टुलावर बसवून मी ब्युरेट धुवायची. सरांनी एकदा तुझ्यासमोर फिनॉल्फ्थॅलिन टाकून दाखवलं. एका थेंबाने सगळं गुलाबी झालं आणि तू टाळ्या वाजवल्यास. फ्लास्क तसाच टेबलावर राहिला आणि थोड्या वेळाने रंग गेला. तू रडकुंडीला येऊन म्हणालास, माझा रंग कुणी घेतला? सर हसले नाहीत. त्यांनी तुला नीट सांगितलं की हवेतला कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळला, त्याने अल्कली मारली, म्हणून रंग गेला. तुला काही कळलं नसणार. पण घरी आल्यावर तू आजीला सांगितलंस, "हवेने रंग खाल्ला." त्या दिवशी मी ठरवलं होतं की हा पोरगा बाकी काही करो न करो, याला प्रयोगशाळेत टेबलाच्या पुढच्या बाजूला उभं करायचं.

मामाला तू एलआयटीत, म्हणजे इथल्या लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूटमध्ये, जावंसं वाटत होतं. त्याचंही चुकीचं नव्हतं. कामठीच्या रावबहादूर लक्ष्मीनारायणांनी मृत्युपत्रात विद्यापीठाला एवढा पैसा ठेवला, त्यातून १९४२ साली ती संस्था उभी राहिली आणि विदर्भातल्या किती पोरांची घरं त्यावर चालली. घराजवळ राहिला असतास, इंजिनिअर झाला असतास. बी.एस्सी. करून काय होतं, हे मला सगळ्यांनी ऐकवलं. शेजारच्या काकूंनी तर दोनदा. मी कुणाचं ऐकलं नाही. तुला बाबा सायकलवर पुढे बसवून नीरीच्या गेटसमोरून न्यायचे, आठवतं का? म्हणायचे, इथे साऱ्या देशाचं पाणी तपासतात. १९५८ पासूनची संस्था, आणि आपल्या गावात. आता तुझ्या पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे. तिच्यावरून जाताना तू मला फोन केला होतास. बोलला काही नाहीस, नुसतं म्हणालास, "आई, मी आत्ता एनसीएलसमोर आहे." मला कळलं.

म्हणून सांगते, फ्युजन ट्यूबच्या वेळी चष्म्यावर विसंबू नको. तू म्हणालास, चष्मा आहे ना डोळ्यावर. चष्मा बाजूने उघडा असतो बाळा, वरून उघडा असतो. तुला काच वरूनच लागली. चष्म्यावरून बसणारे गॉगल मिळतात.

मी तुला स्टोअरच्या काकांचं कधी नीट सांगितलं नाही. तू तेव्हा आठवीत होतास, एवढंच कळलं होतं की काका दवाखान्यात आहेत. मे महिना होता, नागपूरचा मे. पारा ४५च्या वर गेलेला आणि स्टोअर पश्चिमेच्या भिंतीला. अशा दिवसांत इथरची बाटलीसुद्धा फ्रिजबाहेर ठेवता येत नाही, इथर ३४.६ अंशांनाच उकळतो. काका अनुभवी माणूस. त्यांनी लिकर अमोनियाची, म्हणजे पाण्यात विरघळवलेल्या कडक अमोनियाची, नवी बाटली थंड न करता उघडली. आत वायू दाटलेला. झाकण सैल होताच सगळं तोंडावर आलं. मी शेजारीच होते. त्यांचं डोकं नळाखाली धरलं. डोळे ते मिटून घेत होते, आणि मी बोटांनी पापण्या ताणून धरून पाणी सोडत होते. ते ओरडत होते, मला ढकलत होते. निदान १५ मिनिटं तरी पाणी मारायचं असतं, आधी थांबायचं नाही, हे मला सरांनी पाठ करून ठेवलं होतं म्हणून मी सोडलं नाही. आम्लापेक्षा अल्कली डोळ्याला जास्त वाईट. आम्ल बऱ्याचदा वरच्यावर जाळून अडतं, अल्कली आत उतरत जाते. काकांचा डावा डोळा वाचला. उजव्याने त्यांना आज माणूस दिसतो, चेहरा दिसत नाही.

हे तुला घाबरवायला लिहिलं नाही. तू प्रयोगशाळेपासून पळावंस असं मला कधीच वाटलं नाही, वाटणारही नाही. पण माझ्या बोटांना त्या पापण्या अजून लागतात.

आमचे सर पहिल्या वर्षाच्या पोरांना एक गोष्ट दर वर्षी सांगतात, मी मागे उभी राहून ऐकते. १८१२ साली हम्फ्री डेव्हींच्या हातात नायट्रोजन ट्रायक्लोराइडचा स्फोट झाला आणि काच डोळ्यात गेली. त्यांना लिहिता येईना. मग त्यांचं लिहून द्यायला पुस्तकबांधणीचं काम शिकलेला एक पोरगा आला, तो मायकेल फॅरेडे. दुसऱ्या वर्षी त्याला रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून ठेवलं. तू ऑरगॅनिकमध्ये दिवसरात्र जे बेंझीन काढत बसतोस, ते त्यानेच १८२५ साली शोधलं. आणि ज्यांच्या नावाचा बर्नर तू रोज पेटवतोस, त्या बुन्सेनचाही एक डोळा प्रयोगात गेला. एवढी मोठी माणसं. तेव्हा असे गॉगल नव्हते त्यांच्याजवळ. तुझ्याजवळ आहेत.

आता पुढच्या वर्षाचं. तू विचारलं होतंस की तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडू की चौथं वर्ष करून ऑनर्स घेऊ. पैशाचा विचार करून उत्तर देऊ नको, तो मी करीन. ताईचं लग्न आणि तुझं शिक्षण, दोन्ही माझ्या हिशेबात आहेत. चौथं वर्ष केलंस तर नंतरचं एम.एस्सी. एका वर्षाचं होतं, आणि संशोधनाचा प्रकल्प हाताशी येतो. जॅम, ती एम.एस्सी.ची प्रवेश परीक्षा, लागली तर तिसऱ्या वर्षानंतरच आयआयटीत जा, तेही उत्तम. ६० प्रश्न, ३ तास, १०० गुण, एवढं मला मॅडमनी सांगितलं. फॉर्म याच महिन्यात निघतो, शेवटच्या दिवसावर ठेवू नको. फिजिकल केमिस्ट्रीत तुझी गणितं कच्ची आहेत असं तूच म्हणालास. रोज थोडी कर. इनऑर्गॅनिकचं पाठांतर आदल्या रात्री होत नाही. आणि एवढं वाचताना दिवा डाव्या बाजूला घे, खोलीतला तो एक बल्ब पुरत नाही, डोळे आधीच अधू आहेत तुझे.

बघ, फिरून तिथेच आले.

परवा मारबतीची मिरवणूक होती. मी मुद्दाम इतवारीत जाऊन उभी राहिले. दर वर्षी आजी न्यायची, या वर्षी तिचे गुडघे चालत नाहीत. पिवळी मारबत समोरून गेली तेव्हा सगळे ओरडत होते, ईडा पीडा घेऊन जा गे मारबत. मीही ओरडले. माझ्या पोराच्या डोळ्यावरची घेऊन जा म्हटलं. शेजारची बाई माझ्याकडे पाहायला लागली, पाहू दे. तेव्हा मला तुझ्या भुवईचं काही माहीत नव्हतं. नुसतं तुझा चष्म्याचा नंबर वाढला म्हणून म्हटलं होतं.

तुझा हात खरंच चांगला आहे. मी आजवर कितीतरी पोरांचे हात पाहिले. पिपेटचा शेवटचा थेंब फुंकून काढणारे, ब्युरेट वाचताना मान वाकडी करणारे, नुसते आकडे जुळवणारे. तुझ्या जर्नलमध्ये दिवाळीत एक पान पाहिलं होतं, तिथे तू रीडिंग चुकलं म्हणून खोडून खाली खरं लिहिलंस आणि गुण कमी घेतलेस. ते मी कुणाला सांगितलं नाही, पण त्या पानावर मी बोट ठेवून बसले होते बराच वेळ. असा हात असलेल्या पोराला पुढची चाळीस वर्षं पाहायचं आहे. टेस्ट ट्यूबमधला निळा आणि हिरवट वेगळा ओळखायचा आहे. म्हणून मागे लागते.

वरच्या मजल्यावरच्या काकांचा मुलगा बुधवारी महाराष्ट्र एक्स्प्रेसने निघतो आहे, त्याच्याजवळ पिशवी देते. त्यात चिवडा आहे, संत्रा बर्फी आहे, आणि आजीने तुझ्यासाठी केलेली मेतकुटाची बाटली. सगळ्यात खाली गॉगल आहे, चष्म्यावरून बसतो, बाजूला हवेला भोकं आहेत, वाफ धरत नाही. मी स्वतः चष्मा घालून वरून लावून पाहिला, बेसिनवर गरम पाणी सोडून. तरी वाफ धरलीच तर साबणाच्या पाण्याने धुऊन तसाच वाळू दे, पुसू नको, चरे पडतात. पोरं हसली तर हसू दे. दुसरा एक गॉगल जास्तीचा ठेवला आहे, तुझ्या टेबलावरच्या पार्टनरला दे. त्याच्या आईलाही काळजी असेल.

गाडी पुण्याला पोचेपर्यंत उशीर होतो कधी कधी. फोन करून मगच स्टेशनवर जा, आणि त्या पोराला दोन घास खाऊ घाल. भुवईवरचे टाके असतील तर काढायला वेळेवर जा. किती टाके पडले ते ताईला विचारायची पाळी माझ्यावर आणू नको, तूच सांग.

तुझी,
आई