आबांच्या उपरण्याच्या दशा

अमळनेर, श्रावण

चि. भाऊ यास,
अनेक आशीर्वाद.

फोटो मिळाला. आबांच्या उपरण्याचे ‘लोंबणारे दोरे’ कापून तू ते नीटनेटकं केलंस म्हणे. अरे, त्या दशा होत्या! एक असली की दशी, पुष्कळ असल्या की दशा. आणि त्या कापल्यास म्हणूनच आता उपरण्याची दशा होणार. मोठीमाय असती तर कपाळावर हात मारून म्हणाली असती, “काय दशा करी टाकी रे भो!”

आबा मिलमध्ये मागावर होते, तेव्हा हे तुला ठाऊक असायला हवं होतं. कापडाच्या लांबीत जातो तो ताणा, रुंदीत जातो तो बाणा. बाणा काठाशी पोचला की वळून परत येतो, म्हणून काठ उसवत नाही. पण मागावरून कापड उतरवताना ताण्याची टोकं न विणलेलीच उरतात, त्या दशा. त्यांच्या गाठी मारल्या, गोंडे केले, की शेवटचा बाणा जागचा हलत नाही. तू गाठींसकट कापलंस.

शब्द फार जुना आहे बरं. यज्ञात सोमरस गाळायचं जे वस्त्र असे त्याला दशापवित्र म्हणत. त्यातली दशा म्हणजे हीच कापडाची झालर. पुढे संस्कृतात दिव्याच्या वातीलाही दशा म्हणू लागले, आणि माणसाच्या अवस्थेलाही. बी.ए.ला आम्हाला रघुवंश होतं. बाराव्या सर्गाच्या पहिल्याच श्लोकात कालिदासाने म्हाताऱ्या दशरथाला पहाटेच्या दिव्याची उपमा दिली आहे: ‘दशान्तमुपेयिवान्’, दशेच्या टोकाला आलेला. दिव्याची वात संपत आलेली, राजाचं आयुष्य संपत आलेलं. त्याच श्लोकात ‘स्नेह’ आहे, म्हणजे तेलही आणि मायाही. तेव्हा मी हे परीक्षेपुरतं पाठ केलं. आबांच्या शेवटच्या महिन्यात रात्री त्यांच्या उशाशी बसले असताना ते आपोआप आठवलं.

संस्कृतात दशा चांगलीही असते, वाईटही. आपण मराठीत मात्र ‘दशा झाली’ म्हटलं की वाईटच समजायचं. पत्रिकेतल्या महादशेचंही तेच. शुक्राची 20 वर्षं कोणाला आठवत नाहीत, शनीची 19 तेवढी सगळे मोजतात.

मोठीमाय बीजेच्या संध्याकाळी ओट्यावर उभी राहून पदराची एक दशी ओढायची आणि चंद्रकोरीला वाहायची. जुनं घे, नवं दे. मिलचा पगार अडकला की जरा जास्तच भक्तीने!

आता उपरण्याचं ऐक. कात्री लावू नकोस, मशीनमध्ये टाकू नकोस. कापलेल्या कडेचे आडवे धागे सुईने एकेक करून काढ, तीन बोटं रुंदीचे. उभे धागे मोकळे होतील, त्याच नव्या दशा. दहा-बारा धागे एकत्र घेऊन विणीला अगदी लागून गाठ मार, ओढून घट्ट कर. दुसऱ्या टोकालाही तसंच. उपरणं थोडं आखूड होईल, होऊ दे. आबा तुझ्याहून उंच होते.

जमलं नाही तर पोळ्याला येशील तेव्हा घेऊन ये, मी करून देईन. कापलेले दोरे टाकले नसशील तर तेही आण.

तुझी आई