मोरचुदाचे हात पाठीशी धरणाऱ्या काकांना

गुहागर

आदरणीय काका, सा. न.

फोनवर ‘आभार कसले मानतेस गो’ म्हणून तुम्ही विषय तोडलात, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय. रागावू नका.

लेकीने वाढदिवसाच्या पैशांतून माशांच्या टाकीसाठी २० चेरी श्रिंप, म्हणजे पाळायची इवली कोळंबी, आणले होते. टाकीत आधीपासून गप्पी, निऑन टेट्रा आणि एक एंजल हे मासे. चार दिवसांत पाच उरले. चिपळूणच्या ज्या दुकानातून आणले तिथे विचारलं, तर ‘विहिरीचं पाणी असेल, आम्ही काय करणार?’ दुसरा म्हणाला मीठ टाका. तिसरा हसला, ‘कालवणालाही पुरायचे नाहीत, कशाला रडता?’

टाकीत नुकतं काय घातलंत, हे फक्त तुम्ही विचारलंत. निऑनच्या अंगावर पांढरे ठिपके आले तेव्हा त्याच दुकानाने दिलेली औषधाची बाटली मी पुढे केली. चष्मा कपाळावर सरकवून तुम्ही वाचलंत: कॉपर सल्फेट. म्हणजे आपलं मोरचूदच की! माशांना मोजून चालतं, श्रिंपना विष. त्यात आमचं जांभ्यातलं पाणी मऊ, त्यात तांबं आणखी बाधतं. म्हणजे विहिरीला नावं ठेवणारा अर्धा बरोबर होता. उरलेलं अर्धं त्यानेच बाटलीत भरून विकलं होतं.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. मेलेले श्रिंप दगडाखाली अडकलेले, जाळी जात नव्हती. लेक म्हणाली, ‘आजोबा, काढा ना.’ तुम्ही हात पुढे केलात आणि तसाच मागे घेतलात. पावसाने उघडीप दिलेली, सकाळीच सुपारीवर कोळेरोगासाठी बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचं मिश्रण, मारून आला होतात. ‘साबणाने दोनदा धुतलेत, पण नखांचा भरवसा नाही.’ आणि नखांच्या कडेला निळसर रेघ होती खरी. मग हात पाठीशी बांधून, शिक्षा झालेल्या पोरासारखे तासभर उभे राहिलात आणि सगळं तिच्याकडून करून घेतलंत. एक पांढरं टरफल हाताला लागलं तशी ती रडायला लागली. ‘अगं, कात ती! कुर्ली नाही का टाकत? राहू दे, तेच खातील.’ चार दिवसांनी पोर हसली.

हात बुडवला असतात तर कुणाला कळणार होतं, काका?

पुढचं पाणी बदलणं वगैरे झालं. श्रिंपना खाईल म्हणून एंजल तुम्ही नेलात, बदल्यात पेजेच्या डब्यातून शेवाळाच्या गोळ्यासकट १२ श्रिंप दिलेत. दुसऱ्याच्या विहिरीवर चपला लांब काढून जाणारी, मागून नेलेली कोयती धार लावून परत देणारी माणसं माझ्या आजोळी होती. ती जात संपली असं मी धरून चालले होते.

काल एका मादीच्या पोटाखाली पिवळी अंडी दिसली. लेक मोजायला बसते, पण मादी पाय सारखे हलवते, त्यामुळे दर वेळी २३ वर चुकते. तुम्ही म्हणालात तसे तीन-चार आठवडे धरलेत. बोर्डोचा दुसरा हात कधी मारताय ते कळवा. तो दिवस सोडून कधीही या.

तुमची,
पुतणीसारखी