दादा, फळी कशी टिकते ते तुम्ही दाखवलंत

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र खरं तर तुमच्या घरच्या पत्त्यावर यायला हवं होतं. सगळ्यांसमोर लिहिते आहे, कारण मी विचारत होते तोच प्रश्न इथे पुण्यात मला लोक विचारतात. आम्ही चौघं दर रविवारी खेळतो. त्यातल्या दोघांनी वॉरहॅमरची, म्हणजे टेबलावर छोट्या सैनिकांच्या प्रतिकृती मांडून लढायच्या खेळाची, जुनी आवृत्ती खेळलेली आहे. त्याच्या नव्या अवताराचं, 'द ओल्ड वर्ल्ड'चं, पुस्तक उघडलं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "हा आपलाच खेळ आहे का गं?" त्यांना मी जे सांगते ते सगळं तुमच्याकडून शिकलेलं आहे. ते तुमच्या नावावर जमा व्हावं, म्हणून हे पत्र.

नॉटिंगहॅमला शिकायला आले तेव्हा मला हे जग फक्त कॉम्प्युटरवरून ठाऊक होतं. 'टोटल वॉर'मध्ये ब्रेटोनिया नावाच्या राज्याचे घोडेस्वार घेऊन मी रात्री जागवल्या होत्या. ज्या टेबलावरच्या खेळातून ते आले तो २०१५ मध्येच बंद झाला होता आणि कॉम्प्युटरवरचा त्यानंतर वर्षभराने आला, हे मला तुम्ही सांगितलंत. त्या जुन्या जगाच्या जागी 'एज ऑफ सिगमार' आला. सैनिकांच्या पायाखालचे बेस गोल, चार पानांचे नियम, सुरुवातीला सैन्य मोजायला पॉइंटसुद्धा नव्हते. तुम्ही त्याला कधी वाईट म्हणाला नाहीत. एवढंच म्हणालात, "त्यात बगल नाही. म्हणून तो माझा खेळ नाही." तेव्हा मला ते समजलं नव्हतं.

जानेवारी २०२४ मध्ये ओल्ड वर्ल्ड बाजारात आला. मी हरखून गेले होते. चौकोनी बेस परतले होते, रांगा परतल्या होत्या, ब्रेटोनियाच्या नव्या खोक्यात वीस वर्षांपूर्वीच्या साच्यातलेच सरदार होते. "म्हणजे खेळ जसाच्या तसा परत आला ना?" असं मी विचारलं. तुम्ही उत्तर दिलं नाहीत. शनिवारी सकाळी घरी बोलावलंत, वहिनींनी पोह्यांची बशी हातात दिली, आणि सहा बाय चार फुटांच्या टेबलावर एकाच दिवशी एकच लढाई दोनदा लावलीत. आधी २००० सालच्या सहाव्या आवृत्तीच्या नियमांनी, मग नव्या नियमांनी. त्याच टेकड्या, तीच सैन्यं. तुमचे स्केव्हन, म्हणजे ती उंदीरमाणसं, आणि मुलासाठी घेऊन ठेवलेले तुमचे ब्रेटोनियन माझ्याकडे.

पहिल्या लढाईत टेप तुमच्या खिशात होती. सहाव्या आवृत्तीत अंतर आधी मोजता येत नाही. माणसाची चाल ४ इंच, चार्ज (धावून केलेला हल्ला) त्याच्या दुप्पट, म्हणजे ८. डोळ्याने अंदाज घ्यायचा, चार्ज जाहीर करायचा आणि मग मोजायचं. माझ्या मते तुमची तुकडी आठ इंचांच्या आत होती. निघाली साडेआठ. माझे भालेवाले चारच इंच पुढे सरकून उघड्यावर अडकले. पुढच्या फेरीत तुमचा एक गट समोरून आला, दुसरा बाजूने, बगलेत घुसला. बगल गेली तशी मागच्या रांगांची किंमत शून्य झाली, फाशांनी दगा दिला आणि अख्खी तुकडी पळत सुटली. त्या आवृत्तीत मधलं काही नसायचं: हरलात तर ठाम उभे राहायचं, नाहीतर पळायचं.

जेवणानंतर दुसरी. या वेळी टेप टेबलावर होती, हवी तेव्हा मोजा. तेच साडेआठ इंच. नव्या नियमात चाल ४, अधिक दोन फाशांतला मोठा. म्हणजे एका तरी फाशावर ५ किंवा ६ हवा, ३६ पैकी २० वेळा येणार. आला. माझे भालेवाले भिडले, हरलेही, पण पळाले नाहीत. दोन इंच मागे सरकले आणि फळी नुसती वाकली. नव्या पुस्तकात हरलेल्याला तीन वाटा आहेत: जागा सोडणं, शिस्तीत माघार घेणं आणि उधळणं. तुम्ही चष्मा काढून ती वाकलेली रांग बराच वेळ बघत राहिलात. "हे जुन्यात असायला हवं होतं," म्हणालात.

मग मला विचारलंत, "दोन्ही लढायांत तुझा जीव कुठे अडकला होता?" मी विचार न करता डाव्या बगलेकडे बोट दाखवलं. "मग तोच खेळ आहे," तुम्ही म्हणालात.

दादा, इतकी साधी कसोटी मला कुणी दिली नव्हती. मी बेसचा आकार आणि चित्रं जुळवत बसले होते. तसं बघितलं तर काहीच जुळत नाही. माणसाचा बेस २० मिलिमीटरचा २५ झाला, घोडेस्वाराचा २५ बाय ५० चा ३० बाय ६०. जुनं सैन्य नव्या रांगेत बसावं म्हणून तुम्ही मला खाचा पाडलेले लाकडी ट्रे स्वतः कापून दिलेत. आणि मूळ तरी कुठलं धरायचं? १९८३ ची तीन पुस्तिकांची पेटी धरायची, की २०१० ची आठवी आवृत्ती, जिच्यात चार्जला चालीवर दोन्ही फाशांची बेरीज मिळायची आणि पायदळ कधी सहा तर कधी सोळा इंच धावायचं? प्रत्येकाने पहिला फासा जिथे टाकला ते त्याचं मूळ.

जादूच्या बाबतीत मात्र मला तुमचं अजून पटत नाही. जादूची वेगळी फेरी गेली, मंत्र खेळभर विखुरले, याचं तुम्हाला वाईट वाटतं. मला ते बरं वाटतं, लढाई मध्येच थांबत नाही. पण नजरेचं तुमचं दुःख मला कळतं. अंतर ओळखणारा डोळा वर्षानुवर्षं घडवायचा आणि मग त्याची गरजच उरू नये, हे नुकसान खरं आहे.

आणखी एक गोष्ट त्या दिवशी मी बोलले नाही. नव्या खेळात नऊ सैन्यं पूर्ण मानाने आली. उरलेल्या सातांना नियमांची एक फुकट पीडीएफ मिळाली आणि पुढे काही मिळणार नाही असं कळवलं गेलं. तुमचे स्केव्हन त्या सातांत आहेत. इतकी वर्षं रंगवलेलं सैन्य दाराबाहेर उभं असताना तुम्ही मला हात धरून आत नेलंत, वर मुलाचे ब्रेटोनियन माझ्या बॅगेत भरून दिलेत. खेळ परत आल्याचा आनंद माझा होता. त्याची किंमत तुम्ही मोजली होती. त्याबद्दल मी मनापासून ऋणी आहे.

तुम्ही दिलेल्या सहाव्या आवृत्तीच्या पुस्तकात चार्जच्या पानावर तुमची पेन्सिल आहे: "आधी डोळ्याने." आम्ही ते पुण्यात पाळतो. नवे नियम कितीही मोजू देवोत, टेप काढण्याआधी प्रत्येकाने आपला अंदाज मोठ्याने सांगायचा. मागच्या रविवारी मी नऊ म्हणाले. टेप लावली, पावणेनऊ निघाले.

वहिनींना नमस्कार.

तुमची धाकटी बहीण