ऑनलाइन खेळ म्हणजे फक्त पैसे लावणं नव्हे (आमच्या बेसबॉल लीगबद्दल)

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत ऑनलाइन गेमिंगवर तुमचा पानभर लेख वाचला. कर्जबाजारी झालेली पोरं, रात्री दोन वाजता अ‍ॅपवर टीम लावणारे नवरे, हे सगळं खरंच आहे आणि लिहिलंत ते बरंच केलंत. पण खाली जी चौकट दिलीत ना, पालकांनी कशापासून सावध राहावं त्याची, त्यात रमी आणि पोकरच्या मधोमध "स्पोर्ट्स सिम्युलेशन लीग" असं पण छापलंय आणि ते वाचून माझा चहा गार झाला. कारण मी साताऱ्यात बसून अशाच एका लीगमधे गेली काही वर्षं आहे, बेसबॉलच्या, आणि तिथे एक रुपया लावायची सोयच नाहीये हो. २०२५ च्या ऑगस्टमधे संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा जो कायदा केला त्यात सुद्धा ई-स्पोर्ट्स वेगळे, सोशल गेम्स वेगळे आणि पैशांचे खेळ वेगळे असे तीन भाग केलेत, बंदी फक्त तिसऱ्यावर आहे, पैशांचा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणजे सरकारला जो फरक कळला तो पेपरला कळू नये?

तर मुळात हा प्रकार काय ते सांगते, कारण माझ्या घरातल्यांना पण अजून नीट कळलेला नाही.

२०२० चा मार्च आठवा. १२ मार्चला अमेरिकेत मेजर लीग बेसबॉलनी सरावाच्या मॅचेस थांबवल्या, सीझन पुढे ढकलला, तो शेवटी जुलैच्या २३ तारखेला सुरू झाला आणि १६२ ऐवजी प्रत्येक टीमला ६० मॅचेस. मधले चार महिने तिथल्या लोकांनी काय केलं तर कॉम्प्युटरवर सीझन चालवला! बेसबॉल-रेफरन्स म्हणून आकडेवारीची मोठी साइट आहे, ते आउट ऑफ द पार्क नावाच्या गेमवर रोजच्या ठरलेल्या मॅचेस खेळवून निकाल टाकायचे. स्ट्रॅट-ओ-मॅटिकवाले पण तेच करत होते, ही १९६१ पासूनची कंपनी, हॅल रिचमन या गृहस्थांनी काढलेली, मूळ खेळ पत्ते आणि फाशांवर. रिकाम्या स्टेडियममधे न झालेल्या मॅचेसचा स्कोअर लोक सकाळी उठून बघायचे. माझा मावसभाऊ न्यू जर्सीत असतो, तो मला व्हॉट्सअ‍ॅपवर ते पाठवायचा. मला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण आकडे म्हटले की मी बसतेच, कामच ते माझं, लोकांची खाती लिहायची.

मग त्याच जुलैमधे ब्लेसबॉल आलं. स्पेलिंगची चूक नाही, ब्लेसबॉलच. लॉस एंजेलिसच्या द गेम बँड या छोट्या स्टुडिओनं काढलेलं. वीस टीम, हेडीस टायगर्स, बाल्टिमोर क्रॅब्स, शिकागो फायरफायटर्स अशी नावं, एक सीझन एका आठवड्यात संपायचा, सोमवार ते शुक्रवार दर तासाला मॅचेस, प्रत्येक टीमच्या ९९, शनिवारी प्लेऑफ आणि रविवारी निवडणूक. हो, निवडणूक! प्रेक्षकांनी मतं देऊन नियम बदलायचे. चित्र नाही, आवाज नाही, नुसत्या ओळी यायच्या, बॉल, स्ट्राइक, फाउल, आउट. बेट लावायची असायची पण ती खोट्या नाण्यांची, आणि ती नाणी सुद्धा संपली तर फुकट मिळायची. पहिल्याच निवडणुकीत लोकांनी मत दिलं की निषिद्ध पुस्तक उघडा. का तर उघडू नका असं लिहिलं होतं म्हणून, माणसाचा स्वभाव. उघडलं, तर सूर्यग्रहण लागलं आणि सिॲटल गॅरेजेस या टीमची पिचर (म्हणजे बॉल टाकणारी) जेलेन हॉटडॉगफिंगर्स अंपायरनी जाळून टाकली. नावाला हसू नका, मी पण हसले होते, पण त्या आठवड्यात त्या टीमच्या लोकांनी जो शोक केला तो खोटा नव्हता, गाणी रचली तिच्यावर.

पुढची गंमत तर भारीच. काही सीझननंतर लोकांना नियमात फट सापडली. आवडत्या खेळाडूंच्या यादीत जो चौदाव्या नंबरवर असेल तो एका टीमला बक्षीस म्हणून मिळणार असा नियम आला होता, आणि यादीत मेलेला खेळाडू चालणार नाही असं कुठे लिहिलेलंच नव्हतं. झालं, वेगवेगळ्या टीमचे हजारो लोक, ओळख ना देख, सगळ्यांनी मिळून हिशोबानी मतं हलवून हलवून जेलेनला बरोब्बर चौदाव्यावर आणून ठेवलं. तेराव्यावर गेली तर गेलं, पंधराव्यावर घसरली तर गेलं. आणि ती परत आली! पण फुकट नाही, तिचा बॉल ज्या बॅटरला लागेल त्याच्या जळण्याची शक्यता वाढायची, म्हणजे उधारी फेडून घेणं चालू. ज्यांनी हे लिहिलं त्यांची कमाल आहे. २०२३ च्या जूनमधे ते बंद झालं, चालवायचा खर्च झेपत नव्हता त्यांना. मला विचाराल तर कथा कीर्तनात बसणाऱ्या माणसाला ब्लेसबॉल पटकन कळलं असतं, पण ते असो.

त्याच्यानंतर मी आत्ताच्या लीगमधे आले. ही आउट ऑफ द पार्कवर चालते. हा गेम बनवला मार्कुस हाइनझोन या जर्मन माणसानं, पहिली आवृत्ती १९९० च्या दशकाच्या शेवटची, आणि जर्मनीत बेसबॉल कितपत बघतात ते तुम्हीच सांगा, म्हणून साताऱ्याची बाई यात काय करते असं मला कुणी विचारलं की मी त्याचं नाव सांगते. आमच्यात सगळे खेळाडू कॉम्प्युटरनं तयार केलेले, कुणी खरा नाही. प्रत्येक टीमला एक जनरल मॅनेजर, तो मात्र खरा माणूस. माझ्याकडे मिलवॉकीची टीम आहे. लाइनअप लावायचा, पिचरचा क्रम लावायचा, फाइल एक्सपोर्ट करून पाठवायची, आणि मग कमिशनर, म्हणजे लीग चालवणारा, सगळ्यांच्या फाइल घेऊन गेममधला एक आठवडा पुढे चालवतो. सोमवार, बुधवार, शुक्रवार तिकडे न्यूयॉर्कच्या वेळेनं रात्री नऊला, म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहा. दूध तापत असतं आणि मी बॉक्सस्कोअर, म्हणजे मॅचचा आकड्यांचा तक्ता, उघडलेला असतो. १६२ मॅचेसचा सीझन साधारण दोन महिन्यात उरकतो, मग ड्राफ्ट (नव्या खेळाडूंची निवड), करार, ट्रेड (खेळाडूंची अदलाबदल) हे वेगळं. कमिशनरला याचे पैसे मिळत नाहीत बरं का, शिव्या मात्र भरपूर.

मॅच सुरू झाली की माझ्या हातात काहीच नसतं. बॅटरचे आकडे असतात, बॉल नीट लागतो किती, ताकद किती, नजर किती, तसेच पिचरचे, वर स्टेडियम केवढं, वारा कुठला, आणि मग नशीब. मी फक्त वाचते. "६-४-३ डबल प्ले" असं आलं की कळतं शॉर्टस्टॉपनं (सेकंड आणि थर्ड बेसच्या मधल्या फिल्डरनं) बॉल उचलला, सेकंडला दिला, तिथून फर्स्टला, दोघं बाद. पहिले काही महिने हे जागांचे नंबर पाढ्यासारखे पाठ केले, १ पिचर, २ कॅचर, ३ फर्स्ट बेस. आता मॅच डोळ्यासमोर दिसते.

हा सीझन म्हणाल तर वाट लागली. मे महिन्यात (म्हणजे गेममधल्या मे महिन्यात) आम्ही दुसऱ्या नंबरवर होतो, माझा बावीस वर्षांचा पिचर, ज्याला मी अठराव्या वर्षी ड्राफ्टमधे घेतला, खालच्या लीगमधून एकेक पायरी वर आणला, दोनदा त्याच्या बदल्यात चांगले बॅटर देऊ केले तरी सोडला नाही, त्याच्याबद्दल गुरुवारी सकाळी मेसेज आला की कोपराचं लिगामेंट फाटलं, तेरा महिने बाहेर. यावरचं ऑपरेशन खऱ्या बेसबॉलमधे पहिल्यांदा १९७४ ला डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरवर केलं, म्हणून त्याला टॉमी जॉन सर्जरीच म्हणतात, आणि तो माणूस परत येऊन अनेक वर्षं खेळला. म्हणजे आशा आहे. पण त्या दिवशी ऑफिसला जाईपर्यंत मी कुणाशी धड बोलले नाही, नवरा म्हणाला कोण गेलं? काय सांगणार त्याला.

त्यानंतर आम्ही एकेका रननं हरायला लागलो. बेसबॉलमधे बिल जेम्स नावाच्या माणसाचं एक सूत्र आहे, केलेल्या रन्सचा वर्ग आणि दिलेल्या रन्सचा वर्ग यांच्यावरून टीमनी किती मॅचेस जिंकायला हव्या होत्या ते निघतं. केलेल्या आणि दिलेल्या सारख्या असतील तर ८१ जिंकायला हव्यात, बरोब्बर अर्ध्या. आमच्या जवळजवळ सारख्याच होत्या आणि आम्ही सत्तरीच्या आसपास लटकलो. दहा मॅचेस गेल्या कुठे? मी रात्री बसून सगळे बॉक्सस्कोअर काढले, तर आठव्या-नवव्या इनिंगला जे पिचर येतात ते थकलेले, कारण मुख्य पिचर पडल्यापासून त्यांनाच ओढलंय. ३१ जुलैच्या ट्रेडच्या शेवटच्या तारखेला मी आमचा चांगला क्लोझर (मॅचच्या शेवटी येणारा पिचर) विकला, दोन पोरं घेतली, एकोणीस वर्षांची, त्यावरून लीगमधे भांडण की ही मुद्दाम हरायला बघते म्हणून. आमच्यात मुद्दाम हरण्यावर नियम आहे, ठराविक मॅचेसपेक्षा कमी जिंकल्यात तर ड्राफ्टचा नंबर खाली जातो. कमिटीनं तीन दिवस लावले आणि ट्रेड मंजूर केला. ती पोरं कामाला येतील की नाही ते कळायला अजून तीन सीझन लागतील.

आता सांगा, याचं आणि त्या पैशांच्या अ‍ॅपचं काय नातं? तिथे रात्री अकराला मॅच संपते, पैसे आले किंवा गेले, उद्या नवीन टीम, कालचा बॅटर आज तुमचा कुणी नाही. इथे आजची हार चार सीझनपूर्वीच्या निर्णयातून आलेली असते आणि तुम्हाला ती गिळून पुढच्या १६२ ला बसावं लागतं. घाई असलेला माणूस पहिल्या महिन्यात पळून जातो, बघितलंय मी.

आणि एक गोष्ट माझ्या धंद्यातली. बॉक्सस्कोअरचा ताळा जुळतो! टीमचे बॅटर एकूण जितक्या वेळा खेळायला आले ते बरोबर त्यांच्या रन्स, अधिक बेसवर अडकून राहिलेले, अधिक समोरच्यांनी केलेले आउट. पाहुण्या टीमनी नऊ इनिंगमधे ४ रन काढले, ७ बेसवर राहिले, २७ बाद, बेरीज ३८, आणि वर बॅटर किती वेळा खेळायला आले त्याची बेरीज पण ३८ च निघाली पाहिजे. मी अजूनही पेन्सिलनी करून बघते. कॉम्प्युटर चुकत नाही माहितीये, तरी.

वेळ जातो हे कबूल. सकाळचा अर्धा तास, ट्रेडच्या दिवसात रात्रीचे दोन. गेमची नवीन आवृत्ती दरवर्षी येते आणि ती विकत घ्यावी लागते, पण लीगमधे बसायला फी नाही, जिंकलं तर बक्षीस नाही, हरलं तर तोटा नाही. मुलांनी दिवसभर स्क्रीन बघू नये यावर माझं तुमच्याशी भांडण नाही, माझा स्वतःचा पोरगा दहावीला आहे. पण त्यानं माझ्या शेजारी बसून टक्केवारी, सरासरी आणि वर्गाची गणितं केली त्याला मी सावध व्हा कशाला म्हणू?

म्हणून विनंती इतकीच की पुढच्या वेळी ती चौकट छापाल तेव्हा त्यातून सिम्युलेशन लीग काढा, किंवा निदान "पैसे लावले जात असतील तर" एवढे चार-पाच शब्द घाला. आणि जमलंच तर क्रीडा पानावर बेसबॉलला अधूनमधून एक कॉलम द्या. दुबईच्या बेसबॉल युनायटेड लीगमधे मुंबई कोब्राज नावाची टीम आहे, मुंबई, आपली! त्याची तुमच्याकडे एक ओळ नाही दिसली मला.

आपली,
एक वाचक, सातारा

ता.क. आमच्या लीगमधे सिनसिनाटीच्या टीमची जागा रिकामी आहे, आधीचा मॅनेजर कंटाळून गेला. पिचिंग भिकार आहे पण आउटफिल्ड चांगलं आहे. कुणा वाचकाला सकाळी साडेसहाला उठायची सवय असेल तर विचार करावा.