वृद्धाश्रमाची पाहणी रात्री तीन वाजता व्हावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वृद्धाश्रम चांगला की वाईट हे आपण इमारत, बाग आणि स्वच्छ फरशी पाहून ठरवतो. मीही तसंच ठरवलं होतं. माझी आई अडीच वर्षांपासून वृद्धाश्रमात आहे आणि मी दर रविवारी दुपारी तिच्याकडे जाते. त्या वेळी चादर धुतलेली असते, तिचे केस विंचरलेले असतात.

अशाच एका रविवारी तिला कुशीवर वळवताना माकडहाडापाशी बोटाच्या पेराएवढा लाल डाग दिसला. दाबून पाहिलं तरी लाली हटेना. निरोगी कातडी दाबली की क्षणभर पांढुरकी होते. तशी होत नसेल तर तिथला रक्तपुरवठा बिघडू लागला आहे, असं डॉक्टरांनी नंतर सांगितलं. बेडसोरची, म्हणजे एकाच जागी सतत भार पडून होणाऱ्या जखमेची, ही पहिली पायरी. इथेच त्या जागेवरचा भार काढला तर बहुधा जखम टळते. दुर्लक्ष झालं तर ती हाडापर्यंत जाऊ शकते आणि भरायला महिने लागतात.

पलंगाशी एक तक्ता टांगलेला होता. दर दोन तासांनी कूस बदलल्याची खूण, एकही रकाना रिकामा नाही. गुरुवारच्या सकाळी दहा आणि दुपारी बारा या वेळांपुढेही खुणा होत्या. त्या गुरुवारी नऊ ते दोन आई माझ्याबरोबर रुग्णालयात, एक्स-रेच्या रांगेत होती.

मी खूप संतापले. एका संध्याकाळी रात्रपाळीच्या मावशींना गाठून रात्रीच्या खुणांबद्दल विचारलं. त्यांनी काही नाकारलं नाही. "ताई, एकटीनं उचलवत नाही हो," एवढंच म्हणाल्या. घरी येऊन मी हिशेब मांडला. मजल्यावर 24 जण, त्यांतल्या 9 जणांना स्वतः कूस बदलता येत नाही. माणसाला ओढत सरकवलं की कातडी सोलवटते, म्हणून उचलून वळवायला दोघी हव्यात. डायपर आणि चादर धरून एकेकाला दहा मिनिटं लागतात, म्हणजे दर 120 मिनिटांतली 90 त्यातच गेली. उरलेल्या अर्ध्या तासात बाकीच्या 15 जणांच्या घंट्या, शौचाला नेणं, अंधारात उठू पाहणाऱ्याला धरणं. हा हिशेब दोघींचा झाला. तिथे रात्री एकच मावशी असतात. मग काम तक्त्यावरच होतं. खोट्या खुणा करणं चूकच, पण ती चूक एकट्या मावशींच्या माथी मारून व्यवस्थापनाला मोकळं सोडणं मला पटत नाही.

माणसं कमी असली की गोळ्या वाढतात, हेही मी पाहिलं. गेल्या वर्षी आई रात्री बडबडू लागली, उठून बसू लागली. मला न विचारता तिला शांत करणारं औषध सुरू झालं. चौथ्या दिवशी सकाळी गुंगीतच ती पडली. तपासणीत निघाला मूत्रमार्गाचा संसर्ग. म्हातारपणी संसर्गात ताप येतोच असं नाही. अचानक उडालेला गोंधळ हीच कधी कधी पहिली खूण असते. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांना मनोविकारांवरची काही औषधं दिल्यास मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2005 मध्येच दिला आहे. तरी "आजी त्रास देतात" एवढ्या कारणावर गोळी सुरू होते आणि आजी पडल्या की "वयच झालंय" म्हणून विषय मिटतो.

आम्ही नातेवाईक गप्प का बसतो, तेही लिहिते. आम्ही तासाभराने निघतो, आई त्यांच्या हाती राहते. तक्रार केली तर तिला उशिरा पाणी मिळेल, तिच्या घंटीकडे कुणी वळणार नाही, ही भीती सगळ्यांच्या मनात असते. ती खरी ठरते की नाही, हे कळायला मार्ग नसतो.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. आज रात्री कोण आणि किती जण जागे आहेत, हे दाराशी फळ्यावर लिहिलं जावं. कोण कधी, कुठे पडलं याची तासानिशी नोंद नातेवाइकांना पाहू द्यावी. झोपेचं किंवा शांत करणारं औषध सुरू करताना कारण आणि ते बंद करण्याची तारीख दोन्ही कळवावं. आणि तपासणीला येणाऱ्यांनी आधी कळवून दिवसा न येता, न कळवता रात्री यावं. आपल्या वार्ताहरांनाही हीच विनंती.

डाग वेळीच दिसला म्हणून आईची जखम टळली. तिच्या शेजारच्या पलंगावरच्या आजींना रविवारी भेटायला कुणी येत नाही. त्यांची टाच आता काळी पडली आहे. मी दोनदा सांगितलं, या रविवारी पुन्हा सांगणार आहे.

पत्राखाली माझं नाव छापू नये. आई अजून तिथेच आहे.

आपली,
एक वाचक