रंग शिकवणाऱ्या आमच्या बाईंना

आदरणीय बाई,
सा. न.

हात सुरेख चालणाऱ्या भरतकाम करणाऱ्या पुष्कळ असतात. पण ‘इथे हाच रंग का?’ याचं उत्तर देणाऱ्या फार थोड्या. तुम्ही आयुष्यभर सुई धरलीत आणि मग ते उत्तर आम्हाला शिकवायला बसलात, त्याबद्दल हे पत्र.

तुमचा पहिला धडा टाक्यांचा नव्हताच. एकाच लडीतल्या करड्या दोऱ्याने दोन चौकोन भरायचे, एक लाल कापडावर, एक हिरव्यावर. लालवरचा करडा हिरवट दिसतो, हिरव्यावरचा तांबूस. पॅरिसच्या गोब्लँ या चित्रपडदे विणणाऱ्या कारखान्यात काळा दोरा फिका दिसतो अशी तक्रार होती. दोष रंगाईत नसून शेजारच्या निळ्या-जांभळ्यात आहे, हे तिथले रसायनतज्ज्ञ शेव्रल यांनी ओळखलं आणि १८३९ मध्ये सविस्तर मांडलं. ते तुम्ही दोन बोटं कापडावर दाखवलंत.

पाकळीच्या छटांसाठी तर तुमचे आभार मानावे तेवढे थोडे. दोऱ्यांच्या शेड कार्डावरच्या लागून असलेल्या छटा दोन हातांवरून एकच दिसतात, म्हणून मधली एक गाळायची. मोबाइलवर लडींचा कृष्णधवल फोटो काढायचा. त्यात निवडलेल्या तिन्ही छटा वेगळ्या दिसल्या तरच घ्यायच्या. सहापदरी दोऱ्याचा एकच पदर, लांबी सुमारे ४५ सेंटिमीटर. त्याहून लांब घेतला की कापडातून ओढून ओढून पिंजारतो आणि चमक जाते. भरायला बाहेरच्या कडेपासून सुरुवात. पहिल्या रांगेत एक टाका लांब, एक आखूड. दुसऱ्या रांगेतला टाका आधीच्या टाक्यात साधारण एक तृतीयांश आत शिरला पाहिजे. नेमका टोकापाशी थांबला तर दोन छटांमध्ये पट्टा पडतो. देठाकडे पाकळी निमुळती होते, तिथे मधले काही टाके सोडायचे, नाहीतर दोरा दाटतो आणि कापड चुणतं. शिवाय टाक्याची दिशा बदलली की उजेड वेगळा पडतो आणि तीच छटा दुसरी भासते, म्हणून पेन्सिलीने आधी दिशारेषा. छटा निवडायच्या त्या दिवसाच्या उजेडात, ट्यूबलाइटखाली नाही.

लाल दोरा भरण्याआधी ओल्या पांढऱ्या कापडात दाबून बघायची सवयही तुमचीच. रंग उतरणारा दोरा धुण्यात सगळं काम घालवतो.

आणि काळ्या चंद्रकळा साडीवरची कसुती, ते कर्नाटकातलं भरतकाम! गाठ न मारता, दोन्ही बाजूंनी सारखा दिसणारा तिचा गवंती टाका तुम्ही भिंगाखाली उलटा धरलात. काळ्यावर पांढरा, नारिंगी, लाल एवढे का उठतात आणि गर्द जांभळा का बुडतो, हे तेव्हा डोळ्यांनाच कळलं.

नव्या तुकडीसाठी करड्या चौकोनांचे नमुने आम्ही भरून ठेवले आहेत. तुमची नजर एकदा फिरावी, एवढी विनंती.

आपल्या कृतज्ञ,
भरतकाम वर्गाच्या विद्यार्थिनी